दोन शेड

प्रिय बयो,

पाकिटावर माझं अक्षर बघून घाबरली असशील, तर आधी एवढं वाच: घरी सगळे धडधाकट आहेत. तुझी आई ठणठणीत आहे आणि माझ्यावर ओरडायला तिला दम पुरतो आहे. मीही बरा आहे, म्हणजे शरीराने. हातात फोन असताना बाबाला पत्र लिहायची काय अवदसा आठवली, असं तू म्हणशीलच. तुझ्या आईचा हुकूम आहे. ती म्हणाली, "फोनवर सांगू नका. फोनवर तुम्ही सगळं गोडगोड करून टाकता. कागदावर लिहा, निदान खाडाखोड तरी दिसेल." म्हणून दुपारी दुकान बंद असतं त्या दोन तासांत, मागच्या खोलीत, रंगाच्या मोठ्या डब्यावर बसून, मांडीवर शेडकार्डांचा गठ्ठा घेऊन लिहितो आहे. वर कोपऱ्यात पांढरा अंगठा उमटलाय तो माझाच. आज सोमवार. बुधवारपर्यंत हे तुझ्या हातात पडेल. शनिवारी तू येणार आहेस, मासे न्यायला आणि तुला पहिले मासे देणाऱ्या मॅडमना भेटायला. त्याआधी तुला हे कळायलाच हवं, की गेले सहा महिने मी तुला माशांबद्दल जे जे सांगितलं त्यातलं निम्म्याहून जास्त खोटं होतं. वाचून झाल्यावर यावंसं वाटलं तर ये. नाही वाटलं तरी मी तोंड वर करून विचारणार नाही.

तू गेलीस त्या दिवसापासून सांगतो. मुलगी पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरीला लागली म्हणून मी दुकानात येणाऱ्या-जाणाऱ्याला पेढे वाटल्यासारखा सांगत सुटलो होतो, आणि घरी मात्र तू हॉलमधल्या माशांच्या टाकीसमोर बसून मला धडे देत होतीस. फौजदार तो निळा नर, एकटाच, बाकी सगळ्यांना पळवत हिंडणारा. त्याच्या पाच बायका, तपकिरी, चुलीजवळ ठेवलेल्या पितळेसारख्या मळकट. त्यातली सगळ्यात थोरली ती मावशी. मॅडमनी तुला सात वर्षांपूर्वी दिलेल्या पहिल्या जोडीच्या लेकीची लेक. मावशीची हनुवटी पहिल्यांदा फुगली तेव्हा मी तुला कॉलेजात फोन करून सांगितलं होतं की तिला गालगुंड झालंय, आठवतं? तू एवढी हसलीस! मग सांगितलंस की तिच्या तोंडात अंडी आहेत, तीन आठवडे ती पोरं तोंडात धरून बसेल आणि तोवर घासभरही खाणार नाही. त्यानंतर मी तिच्याकडे वेगळ्या नजरेने बघायला लागलो. तू म्हणायचीस, "बाबा, निळ्याकडे सगळेच बघतात. तू तपकिरीकडे बघत जा." टाकी डाव्या भिंतीला लावायचा हट्टही तुझाच होता. तिथे दुपारी दोन ते चार ऊन येतं, काचेला शेवाळ धरेल, उजवी भिंत चांगली, असं मी घसा फोडून सांगत होतो. तू ऐकलं नाहीस, कारणही सांगितलं नाहीस. मीही विचारलं नाही.

जाताना तू वही दिलीस. दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदल. खाणं कमीच घाल, ते भुकेले दिसतात पण नसतात. काळी वाळू हलवू नकोस. आणि शेवटच्या पानावर, खाली रेघ मारून: रंग आपोआप येतो, घाई करू नकोस, रंगासाठी बाहेरचं काहीही घालू नकोस. ही वही मी पहिले दोन महिने तंतोतंत पाळली. तिसऱ्या महिन्यात माझ्यातला रंगवाला जागा झाला. आता तू म्हणशील तो झोपला कधी होता. चाळीस वर्षं मी दुसऱ्यांच्या भिंतींचे रंग जुळवतोय. दुकानात यंत्र आलं, भिंतीचा कपचा त्याच्यासमोर धरला की ते शेडचा नंबर सांगतं, पण मालक अजूनही मला हाक मारतात आणि म्हणतात, "काका, तुम्ही एकदा बघा." अशा माणसाला काळ्या वाळूवर निळा मासा बघवत नव्हता. काळ्यावर निळा बुडतो, पांढऱ्यावर उठून दिसतो, ही माझी जन्माची शिकवण. एका रविवारी मी काळी वाळू उपसली आणि संगमरवराची पांढरी शुभ्र खडी घातली. टाकीच्या मागच्या काचेला पांढरा कागद लावला. आई म्हणाली, "माशांचं घर रंगवताय, आमचं कधी रंगवणार?" मी तिच्याकडे दुर्लक्ष केलं आणि लांब उभा राहून स्वतःवरच खूश झालो.

तुला हे ठाऊकच आहे, मला नव्हतं. शेडकार्डावरचा निळा कुठल्याही भिंतीवर धरला तरी निळाच राहतो. मासा राहत नाही. मासा आजूबाजूला बघतो आणि लपायला म्हणून स्वतःच फिका होत जातो. मी दर सोमवारी फौजदारासमोर काचेला शेडकार्ड टेकवून नंबर लिहून ठेवायचो, सवयच ती. आमच्या कार्डावर गडद खाली आणि फिका वर असतो. पाच आठवड्यांत फौजदार दोन शेड वर सरकला. आधी वाटलं माझेच डोळे. मग तू फोनवर म्हणालीस, "बाबा, फोटोत तो फिका दिसतोय का रे?" मी म्हणालो, उजेडाचा दोष असेल. बाजारातून निळा दिवा आणून टाकीवर लावला आणि पुढचे फोटो त्या दिव्यात काढले. ज्याने उभा जन्म गिऱ्हाइकांना बजावलं की दिव्यात बघून रंग ठरवू नका, उन्हात बघा, त्याने आपल्या लेकीला दिव्यातला रंग दाखवला. तेव्हाच तुला सांगितलं असतं तर तू एका वाक्यात उपाय सांगितला असतास: वाळू परत घाल. पण माझ्या हाती दिलेले मासे माझ्या हातून विटले हे तुला सांगायची मला लाज वाटली. रंगवाल्याच्या घरात रंग उडाला म्हणायचं, कुठल्या तोंडाने?

म्हणून मी चौकातल्या टाकीवाल्याकडे गेलो. त्याच्या टाक्यांमधले मासे कसे, नवी गाडी शोरूममधून काढावी तसे चकाचक. त्याला विचारलं, तर त्याने खालच्या फळीवरून पांढरी पूड भरलेली पिशवी काढली. वर ना नाव ना गाव. म्हणाला, "काका, खाण्यात चिमूटभर. पंधरा दिवसांत ओळखणार नाही तुम्ही." काय आहे यात, असं मी विचारलं. तो म्हणाला, "रंगाचं टॉनिक." एवढंच उत्तर, आणि मला तेवढंच हवं होतं. तुझी वही टाकीच्या कपाटात होती. ती उघडली असती तर शेवटचं पान दिसलं असतं, म्हणून मी ती उघडलीच नाही. चिमूट घातली, मग दीड चिमूट घातली. आपल्याकडे रंगात रंगद्रव्य कमी पडलं की थेंब वाढवतात, तसं.

बयो, बाराव्या दिवशी फौजदार असा निळा झाला की माझ्या कार्डावर तो नंबरच नव्हता. तोवर ठीक. पण पंधराव्या दिवसापासून त्याच्या बायका निळ्या व्हायला लागल्या. आधी कपाळावर, मग पाठीवर. महिन्याभरात टाकीत सहा निळे मासे. मला ठाऊक होतं की एक नर आणि पाच माद्या आहेत. तूच मोजून दिल्या होत्यास. तरी मी स्वतःला समजावलं की कदाचित हे उशिरा वयात आलेले नर असतील. माणूस स्वतःला फसवायला बसला की त्याला गुरू लागत नाही. तुला फोटो पाठवला आणि तू लिहिलंस, "बाबा!! फौजदार काय सुंदर दिसतोय! तुझा हातगुण." त्या फोटोत मी बाकीच्या पाच जणी दिसणार नाहीत असा कोपरा धरला होता. यावरून काय ते समज. दुकानात मी चार दिवस तो फोटो दाखवत फिरलो.

आता मावशीचं सांगतो. हे लिहिताना मी तीनदा पेन खाली ठेवलं. फौजदाराला बायको ओळखू येते ती तिच्या तपकिरी रंगावरून. निळा दिसला की त्याच्या लेखी तो परका नर, त्याच्या घरात घुसलेला. मावशी थोरली, तिला पूडही जास्त लागू पडली, ती सगळ्यांत आधी गडद निळी झाली. त्याने तिला तीन दिवस टाकीच्या एका कोपऱ्यात डांबून मारलं. तिच्या परांच्या पार चिंध्या झाल्या. ती पळतही नव्हती, कारण याआधी तो कधी तिच्या अंगावर असा आला नव्हता. मी तिला बादलीत वेगळी ठेवली, पाण्यात मीठ घातलं, आईने गरम पाण्याची बाटली बादलीला लावून ठेवली. गुरुवारी सकाळी ती गेली. आपल्या दाराशेजारच्या कुंडीत मी तिला पुरलं. आणि त्याच संध्याकाळी तू फोनवर विचारलंस, "मावशी काय म्हणते?" मी म्हणालो, मजेत आहे. तुझी आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती.

तिथेच थांबलो असतो तरी मी आज इतका कानकोंडा झालो नसतो. पण त्या रविवारी हौशी मंडळींचं मत्स्यप्रदर्शन होतं. तू दरवर्षी म्हणायचीस, अजून नाही बाबा, अजून दोन पिढ्या, मग नेऊ. मला वाटलं, तुला अचानक आनंदाचा धक्का द्यावा. तुझे मासे पहिले आले असं फोनवर सांगावं. मावशीला पुरून तीन दिवस झाले होते आणि मी चार निळ्या माद्या पिशव्यांमध्ये भरून, नवा शर्ट घालून निघालो. काय म्हणावं अशा माणसाला, तूच सांग. प्रदर्शन एका शाळेच्या सभागृहात होतं. लांबच लांब टेबलं, छोट्या टाक्या, प्रत्येक टाकीपुढे पुठ्ठ्याचं कार्ड. कार्डावर मी माझ्या सुंदर अक्षरात तुझं नाव लिहिलं: संगोपन आणि पैदास, अमुक अमुक. लोक थांबत होते, फोटो काढत होते. एक जण म्हणाला, "चारही नर एकत्र आणि भांडत नाहीत, कमाल आहे!" मी मानभावीपणे हसलो.

परीक्षक मॅडमच होत्या. मला माहीत नव्हतं, म्हणजे मी चौकशीच केली नव्हती. त्यांनी आधी कार्ड वाचलं आणि त्यांचा चेहरा असा फुलला म्हणून सांगू. मग त्यांनी टाकीत पाहिलं. बराच वेळ पाहिलं. जाळीने एकीला हलकेच उचललं, ओल्या तळहातावर उलटी करून पोटाकडे बघितलं आणि पाण्यात परत सोडली. दुसरीलाही तसंच. मग माझ्याजवळ येऊन, कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाल्या, "या माद्या आहेत. यांना काय खायला घातलंत?" मला तिथे दोन शब्द म्हणायचे होते: मी घातलं. एवढेच. माझ्या मागे पंधरा-वीस माणसं उभी होती, त्यातली निम्मी आपल्या दुकानाची गिऱ्हाइकं. मी म्हणालो, "मी काय, अडाणी माणूस. मुलगी सांगते तसं घालतो."

हे वाक्य मी होतं तसं लिहिलंय, एक अक्षर इकडचं तिकडे न करता. मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग टेबलावरचं तुझ्या नावाचं कार्ड त्यांनी उचललं आणि पालथं ठेवलं. पुढच्या टाकीकडे गेल्या. पिशव्या मांडीवर घेऊन मी गाडीत बसून घरी आलो तेव्हा आईने विचारलं, "काय झालं?" मी सांगितलं, नंबर आला नाही. तिने पिशव्या हातात घेतल्या आणि म्हणाली, "बरं झालं." त्या दिवसापासून पूड बंद. निळा दिवा मी काढला, खडी उपसली, काळी वाळू परत घातली. गेल्या चार महिन्यांत चौघींचा निळा उतरला. आधी पोटाकडून, मग पाठीवरून. आता त्या पुन्हा पूर्वीसारख्या तपकिरी आहेत आणि फौजदार त्यांच्याभोवती पूर्वीसारखा मिरवतो. पण एकीचीही हनुवटी फुगलेली नाही. पिल्लं झाली का, असं तू तीनदा विचारलंस आणि मी तिन्ही वेळा सांगितलं, झाली, छोटी आहेत, फोटोत येत नाहीत. पिल्लं नाहीत, बयो. एकही नाही. तू शनिवारी ज्यांच्यासाठी डबे घेऊन येणार आहेस ती पोरं माझ्या तोंडातून जन्मलेली आहेत.

एवढं सगळं मी अजूनही गिळून बसलो असतो, खोटं कशाला बोलू. पण गेल्या आठवड्यात तू फोनवर म्हणालीस, "बाबा, मॅडम माझ्या मेसेजला उत्तरच देत नाहीत. चार महिने झाले. माझं काही चुकलं का रे?" आणि मी म्हणालो, वय झालंय त्यांचं, विसरत असतील. तू म्हणालीस, मग मी शनिवारी जाऊनच येते. फोन ठेवला आणि मी बघतो तर आई समोर. ती म्हणाली, "मुलगी स्वतःत चूक शोधतेय. अजून किती दिवस शोधू देणार आहात?" तिला प्रदर्शनातलं ते वाक्य तोवर माहीत नव्हतं. मग मी सांगितलं. ती जेवायची ताटं वाढत होती, ती तशीच ठेवून आत जाऊन बसली.

काल, रविवारी सकाळी, मी मॅडमकडे गेलो. दाराशी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. पूड मी आणली, मी घातली, वही न उघडता घातली, तिला कशाचा पत्ताच नाही, आणि त्या दिवशी मी तिच्यावर ढकललं. त्या ऐकत राहिल्या. मग आत बोलावलं, पाणी दिलं. म्हणाल्या की त्या पुडीत काय असतं हे त्यांना ठाऊक आहे, नराचं औषध असतं, त्याने मादीला रंग चढतो आणि पोट बंद होतं, अंडी धरत नाही. काहींचं पुन्हा उघडतं, काहींचं नाही. वाट बघा. नंतर म्हणाल्या, "मला सांगितलंत, अर्धं काम झालं. माझंही चुकलं. मी तिला विचारायला हवं होतं, मी तुमचं ऐकून गप्प बसले. मी बोलेन तिच्याशी, पण आधी तुम्ही सांगा." मी उठलो, चपला घातल्या, तेव्हा त्यांनी विचारलं, "पण एक सांगा, कशाला केलंत हे? चांगले होते की मासे." तोंडात मारल्यासारखा जिना उतरलो.

उत्तर मला घराच्या दारात मिळालं. दार उघडलं की डावीकडे टाकी आणि उजवीकडे तुझा तो मोठा फोटो. तू अकरा वर्षांची, दोन वेण्या, हात मांडीवर. घरात आलेला प्रत्येक माणूस म्हणायचा, किती गोड, किती गोरी दिसते. तू टाकी आणलीस आणि तेव्हापासून आलेला माणूस डावीकडे बघायला लागला. टाकी उजव्या भिंतीला असती तर लोकांचं लक्ष गेलं असतं ते फोटोकडेच. हे समजायला मला सात वर्षं लागली, आणि म्हणे मी नजरेचा पक्का. फोटो काढला त्या दिवशी तू स्टुलावर बसली होतीस. फोटोवाल्याने मला विचारलं, "चेहरा थोडा उजळू का?" आणि मी क्षणभरही विचार न करता, गिऱ्हाइकाच्या भिंतीबद्दल बोलावं तसं म्हणालो, "दोन शेड वर घ्या. जास्त नको, खरं वाटलं पाहिजे." घरी येताना माझं बोट धरून तू विचारलंस, "बाबा, दोन शेड म्हणजे किती?" मी तुला कार्ड कसं वाचतात ते समजावत आलो. आणि फोटो बघून आई भडकली तेव्हा तुझ्यासमोर म्हणालो की फोटोवाल्याने परस्पर केलं. तू माझ्याकडे नुसतं पाहिलंस. अठरा वर्षं तू ते तोंडात धरून बसली आहेस. त्यानंतर फोटोची वेळ आली की कॅमेरा तूच हातात घ्यायचीस, म्हणायचीस, तुम्ही उभे राहा, मी काढते. मला वाटायचं, पोरीला हौस आहे. बयो, तू जशी होतीस तशी पुरेशी होतीस, त्या दिवशीही. तिथे दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं. चुकला होता तो मी, आणि माशांच्या वेळी मी पुन्हा तेच केलं, आधी रंग बदलला आणि मग दुसऱ्याचं नाव सांगितलं. हे पत्र माशांसाठी लिहायचंय असं मला कालपर्यंत वाटत होतं. फोटो मी काल खाली उतरवला. त्याच्यामागे भिंतीचा मूळ रंग निघाला, चौकोनी, बाकीच्या भिंतीपेक्षा चांगला गडद. आई म्हणाली, आता तरी रंगवा. मी म्हटलं, राहू दे. ज्याचा जन्म रंग ओळखण्यात गेला त्याच्या घरात आपल्या लेकीचा एकही खरा फोटो नाही. एक काढू देशील का, हे विचारायची माझी छाती नाही. तू आलीस आणि नुसती मासे बघून गेलीस तरी चालेल. फक्त खिळा मी काढलेला नाही, एवढं तुला सांगून ठेवतो.

तुझाच,
बाबा